वाऱ्याला हॉलमार्क नसतो

जळगावच्या सराफ बाजारात बांगडी हातात घेतलेले गिऱ्हाईक आता आधी तिच्या आतल्या बाजूला बघते. भारतीय मानक ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, २२ कॅरेटचा ९१६ हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक, एवढे तीन ठसे दिसले की त्याचा जीव भांड्यात पडतो. सोन्यासाठी २००० साली सुरू झालेली आणि १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झालेली हॉलमार्कची पद्धत या सुवर्णनगरीच्या आता अंगवळणी पडली आहे. तो ९१६ चा आकडा येतो कुठून, हे मात्र थोड्यांनीच पाहिलेले असते. तपासणी केंद्रात दागिन्याचा चिमूटभर नमुना घेतात, त्यात चांदी घालतात, शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात आणि हजार अंशांहून अधिक तापलेल्या भट्टीत सच्छिद्र वाटीत ठेवतात. तांब्यासारखे हीण बरोबर घेऊन शिसे त्या वाटीत मुरते आणि मागे सोन्याचांदीचा एक मणी उरतो. मणी ठोकून, लाटून त्याची पट्टी करतात आणि ती नायट्रिक अ‍ॅसिडात, म्हणजे सराफांच्या तेजाबात, उकळतात. चांदी विरघळते, सोने राहते, आणि त्याच वेळी भांड्यातून विटकरी रंगाचा धूर वर येतो. हा धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा. सोन्याचा कस लावणाऱ्या माणसाच्या नाकातोंडापासून तो दूर ठेवण्याचे काम ज्या पेटीवर सोपवलेले असते, ती पेटी म्हणजे फ्यूम हुड.

सोन्याचा कस लागला. पण त्या पेटीचा कस कोण लावतो? हा प्रश्न सराफ बाजारापुरता नाही. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात आणि त्याला जोडलेल्या जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या विज्ञान महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवले जाते. शिरपूरला औषधनिर्माणशास्त्राचे मोठे महाविद्यालय आहे, धुळ्याला कृषी महाविद्यालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खाद्यतेल, माती, पाणी, खते, औषधे तपासणाऱ्या प्रयोगशाळा तर गावोगाव झाल्या आहेत. जिथे अ‍ॅसिड उकळते आणि द्रावक उडतात तिथे ही पेटी लागतेच. तिची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, तिला प्रमाणपत्र मिळावे आणि काचेवर तारखेची चिठ्ठी चिकटावी, ही रीत जगभर मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की त्या चिठ्ठीकडे हॉलमार्कच्या नजरेने बघणे धोक्याचे आहे. २२ कॅरेटचे सोने शंभर वर्षे तिजोरीत राहिले तरी २२ कॅरेटचेच राहते. फ्यूम हुडची शुद्धता मात्र वाऱ्याच्या वागण्यावर उभी असते, आणि वारा तासातासाला बदलतो. म्हणून हुडचे प्रमाणपत्र वापराच्या खऱ्या परिस्थितीत केलेल्या चाचणीवर बेतलेले हवे आणि रोजच्या छोट्या तपासणीने जिवंत ठेवलेले हवे. तसे नसेल तर त्या कागदाने सुरक्षितता वाढत नाही, फक्त निर्धास्तपणा वाढतो.

हे पटण्यासाठी पेटी चालते कशी ते आधी पाहायला हवे. समोर वरखाली सरकणारी काच, जिला सगळे सॅश म्हणतात, मागच्या भिंतीपासून थोडी सुटी ठेवलेली, वर-मध्ये-खाली फटी असलेली फळी, म्हणजे बॅफल, पुढच्या काठाला हवा अलगद वळवणारी गोलसर पट्टी, वर डक्ट, गच्चीवर ब्लोअर आणि त्यापुढे धुराडे. ब्लोअर पेटीतली हवा ओढतो, त्यामुळे काचेखालच्या उघड्या तोंडातून खोलीतली हवा सतत आत जाते आणि तिच्याबरोबर वाफा मागे फटींकडे वाहून जातात. काम करणारा आणि वायू यांच्यामध्ये भिंत अशी नाहीच. आहे तो आत वाहणाऱ्या हवेचा एक पडदा. या पडद्याचा वेग साधारणपणे सेकंदाला ०.४ ते ०.६ मीटर ठेवतात. माणूस सावकाश चालतो तो सेकंदाला एक मीटरच्या वर, म्हणजे हा पडदा आपल्या चालीच्या निम्म्या वेगाचा. जुन्या धाब्याच्या घरात चुलीसमोर बसलेल्या बाईला हे शास्त्र कुणी शिकवलेले नव्हते, पण अनुभवाने ते ठाऊक होते. धुराडे धड असले तरी दारातून वाऱ्याचा झोत आला की धूर वर जायच्या ऐवजी डोळ्यांत येतो. फ्यूम हुडची दुबळी जागा नेमकी हीच आहे. फरक इतकाच की चुलीचा धूर दिसतो, झोंबतो आणि माणूस आपोआप मागे सरकतो. प्रयोगशाळेतल्या बऱ्याच वाफा दिसतही नाहीत आणि झोंबतही नाहीत.

इथे पहिला आक्षेप येतो: हुड नीट ओढत नसेल तर वास येईलच की. नाकावरचा हा भरवसा किती पोकळ आहे ते तीन वायू सांगतात. गुणात्मक विश्लेषणात किपच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड काढणाऱ्या पिढ्यांना त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास चांगला आठवत असेल. दशलक्ष भागांत एक भागाहूनही कमी प्रमाणात तो नाकाला कळतो. पण त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत शंभरच्या आसपास गेले की काही मिनिटांत नाकाची जाणीवच बधिर होते. धोका वाढतो आणि वास नाहीसा होतो. दुसरा वायू वर आलेला नायट्रोजन डायऑक्साइड. त्याने लगेच थोडा खोकला येतो, मग बरे वाटते, माणूस घरी जातो, आणि काही तासांनी, कधी दिवसभराने, फुप्फुसांत पाणी भरू लागते. तिसरे उदाहरण क्लोरोफॉर्मचे. कामाच्या पाळीसाठी त्याची मर्यादा दशलक्ष भागांत १० धरली जाते. त्याचा गोडसर वास मात्र सर्वसाधारण माणसाला ८५ च्या आसपास जाणवतो. म्हणजे वास आला तेव्हा मर्यादा आठपटीने ओलांडून झालेली असते.

दुसरा भरवसा कानाचा. बटण दाबले, वर घरघर सुरू झाली, म्हणजे हुड चालू. ही घरघर किती फसवी असू शकते हे एका साध्या बिघाडावरून कळते. ब्लोअरची मोटर जळते, रिवाइंडिंगला जाते, परत येते आणि वायरमन गच्चीवर जाऊन ती जोडतो. तीन फेजपैकी दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. पाण्याचा पंप असा उलटा फिरला तर पाणी येत नाही म्हणून शेतकऱ्याच्या ते लगेच लक्षात येते. पण फ्यूम हुडला असतो तो गोगलगायीच्या शंखासारख्या कवचात चाक फिरणारा ब्लोअर. त्याचे चाक उलटे फिरले तरी हवा त्याच दिशेने, धुराड्याकडेच जाते. फक्त पुष्कळ कमी जाते. आवाज तोच, काचेपाशी धरलेला कागदाचा कपटाही आत झुकतो, आणि पडद्याचा जोर मात्र ओसरलेला असतो. मोटर आणि चाक यांमधला पट्टा सैल पडला तरी असेच घडते. हवेचे प्रमाण चाकाच्या फेऱ्यांच्या प्रमाणात असते, त्यामुळे फेऱ्या पाचव्या हिश्श्याने घटल्या की ०.५ मीटरचा वेग ०.४ वर येतो. आणखी थोडी घसरण झाली की हुड चालू राहतो, राखण मात्र संपलेली असते. म्हणून गच्चीवर जाऊन ब्लोअरच्या कवचावरचा बाण आणि चाकाची दिशा जुळते का, पट्टा बोटाने दाबल्यावर किती लवतो, हे पाहणे तपासणीचा पहिला भाग असायला हवा. वरवर बघता ते मिस्त्रीचे काम वाटते, पण सगळ्या आकड्यांचा पाया तिथेच आहे.

त्यानंतर मोजमाप. काच ठरलेल्या उंचीवर, बहुधा ४५ सेंटीमीटरवर, ठेवायची. उघड्या तोंडाचे कल्पनेने सारखे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर वायुवेगमापक स्थिर धरून वाचन घ्यायचे. दीड मीटर रुंद आणि ०.४५ मीटर उघड्या तोंडाचे क्षेत्रफळ ०.६७५ चौरस मीटर. सरासरी वेग ०.५ मीटर असेल तर हा एक हुड तासाला सुमारे १,२०० घनमीटर हवा बाहेर टाकतो. इथे सरासरीवर थांबणे ही नेहमीची चूक. बारा चौकोनांची सरासरी ०.५ आली, पण डाव्या खालच्या कोपऱ्यात ०.२५ असेल, तर त्या कोपऱ्यात ठेवलेल्या चंचुपात्रातली वाफ सरासरीची वाट बघत थांबत नाही. असा कोपरा सापडला की कारणही बहुतेक वेळा डोळ्यांसमोरच असते. हुडात बाटल्यांची रांग लावून ठेवलेली असते आणि तिने बॅफलची खालची फट बुजलेली असते. जागेची टंचाई असलेल्या प्रयोगशाळेत हुडाचे कपाट व्हायला वेळ लागत नाही. पण त्यात जितक्या बाटल्या वाढतात तितका त्याचा श्वास कोंडतो. उपकरणे थोडी उचलून ठेवावीत आणि काम तोंडापासून निदान १५ सेंटीमीटर आत करावे, हा नियम याच कारणाने आला. पडदा काठावर सर्वांत नाजूक असतो आणि आत गेल्यावर स्थिरावतो.

वेग बरोबर आला म्हणजे वायू आत राहतोच असे नाही, हे या क्षेत्राने अनुभवातून शिकलेले शहाणपण आहे. म्हणून अमेरिकेतली अ‍ॅश्रे ११० ही चाचणी तीन पायऱ्यांची आहे. आधी धूर सोडून प्रवाह डोळ्यांनी बघायचा. मग वेग मोजायचा. शेवटी हुडाच्या आत मिनिटाला ४ लिटर सल्फर हेक्साफ्लोराइड वायू सोडून, तोंडासमोर उभ्या केलेल्या पुतळ्याच्या नाकाशी तो किती पोहोचतो ते मोजायचे. जागेवर बसवलेल्या हुडासाठी त्याची मर्यादा दशलक्ष भागांत ०.१ धरतात. युरोपात ईएन १४१७५ या मानकाखाली अशाच चाचण्या होतात. पुतळा उभा करण्यामागचा विचार लक्षात घेण्याजोगा आहे. हुडासमोर माणूस उभा राहिला की त्याच्या अंगाला वळसा घालून हवा आत जाते आणि त्याच्या छातीपुढे भोवरा तयार होतो. हाच भोवरा आतली वाफ त्याच्या तोंडाकडे खेचून आणू शकतो. रिकाम्या हुडाचा वेग मोजून हे कधीच कळत नाही. यातूनच आणखी एक समज निकालात निघतो, की ओढ जितकी जास्त तितके चांगले. वेग फार वाढवला की काठांपाशी आणि माणसाभोवती हवा फाटते, भोवरे वाढतात आणि गळती कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकते. हलके पदार्थ उडतात, बर्नरची ज्योत फडफडते, वीजबिल फुगते ते वेगळेच.

आता खानदेशाचा उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा खोलीत पंख्याशिवाय, कूलरशिवाय उभे राहा असे कुणी सांगू शकत नाही आणि सांगू नये. पण पंख्याखालची हवा सेकंदाला एक-दोन मीटर सहज धावते, कूलरचा झोत त्याहून जोरात येतो. हुडाच्या तोंडाशी आडवा येणारा वारा पडद्याच्या वेगाच्या निम्म्याच्या आत राहावा, म्हणजे साधारण ०.२५ मीटरच्या आत, असा संकेत आहे. पंखा तो चौपट-आठपटीने मोडतो. समजा तपासणी डिसेंबरात झाली. खिडक्या बंद, पंखे बंद, खोलीत एकटा तपासनीस. आलेले आकडे खरे, सही खरी, शिक्का खरा. पण ते प्रमाणपत्र डिसेंबरातल्या रिकाम्या खोलीचे आहे. मे महिन्यात, पंखे गरगरत असताना आणि हुडामागून मुलांची ये-जा चालू असताना त्याच हुडाबद्दल ते काहीच सांगत नाही. म्हणून खानदेशातल्या प्रयोगशाळेसाठी माझा आग्रह असा, की चाचणी दोनदा व्हावी: एकदा सगळे बंद ठेवून, एकदा उन्हाळ्यात जसे काम चालते तसे सगळे चालू ठेवून. दुसऱ्या चाचणीत हुड नापास झाला तर दोष बहुधा त्याचा नसतो. कूलरचे तोंड फिरवावे, हुडाजवळचा पंखा काढावा किंवा त्याचे बटण हुडाच्या बटणाशी असे जोडावे की दोन्ही एकदम चालणार नाहीत. खोली थंड ठेवायचीच असेल तर हवा हुडापासून लांब, विखरून आत सोडावी.

उन्हाळ्याची दुसरी अडचण उलट्या बाजूची आहे. जिथे एसी बसले तिथे दारे-खिडक्या घट्ट लावल्या जातात. तासाला १,२०० घनमीटर हवा बाहेर जाते, मग तेवढीच हवा कुठूनतरी आत यायलाच हवी. वाट नसेल तर खोली उपाशी राहते, दार ओढायला जड जाते, फटीतून शिट्टी वाजते आणि ब्लोअर पूर्ण जोराने फिरूनही हवा हलत नाही. एकाच खोलीत चार हुड असतील तर एकटा चालवलेला प्रत्येक हुड पास होतो आणि चारही एकदम लावले की सगळे नापास. म्हणून तपासणी सर्व हुड एकाच वेळी चालू ठेवून व्हायला हवी. वीजपुरवठा हाही याच चित्राचा भाग आहे. वीज गेली की ब्लोअर थांबतो, पण तापलेले मिश्रण उकळतच राहते. जनरेटरवर फ्रिज आणि संगणक असतात, ब्लोअर असतो का, हा प्रश्न तपासणीच्या कागदावर असायलाच हवा. नसेल तर वीज जाताच काच खाली, उष्णता बंद आणि सगळे बाहेर, ही शिस्त सर्वांना पाठ असली पाहिजे.

गच्चीवरचे धुराडे हा सहज विसरला जाणारा, पण महत्त्वाचा मुद्दा. पाऊस आत जाऊ नये म्हणून धुराड्यावर पत्र्याची छत्री बसवण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. हेतू समजण्यासारखा आहे, पण वर फेकली जाणारी हवा त्या छत्रीला आपटून खाली गच्चीवर पसरते. तिथून खिडक्यांत, एसीच्या तोंडांत, पाण्याच्या टाकीपाशी. खोलीतून घालवलेले विष जिन्याने परत यावे तसा हा प्रकार. धुराडे छपरापासून किमान तीन मीटर उंच हवे आणि हवा सेकंदाला पंधरा मीटरच्या आसपास वेगाने सरळ वर सुटावी. या वेगापुढे ब्लोअर चालू असताना थेंब आत शिरत नाही; बंद असताना शिरलेले पाणी काढायला खाली निचऱ्याची नळी पुरते.

काही पेट्या तर हुडासारख्या दिसतात, पण हुड नसतात. जळगाव जिल्हा केळीचा आणि केळीच्या ऊतीसंवर्धित रोपांचा. तिथल्या प्रयोगशाळांत लॅमिनर फ्लो नावाची काचेची पेटी असते. तिच्यातून गाळलेली स्वच्छ हवा आतून बाहेर, काम करणाऱ्याच्या अंगावर येते, कारण तिला जपायचे असते ते रोपाला. त्या पेटीत कुणी द्रावक उघडला तर त्याची वाफ थेट तोंडावर येणार. केळीच्या पानातली पोषकद्रव्ये मोजण्यासाठी पान नायट्रिक आणि परक्लोरिक अ‍ॅसिडांच्या मिश्रणात उकळण्याची पद्धत कृषी प्रयोगशाळांत रूढ आहे. परक्लोरिक अ‍ॅसिडाची वाफ साध्या डक्टमध्ये थंडावून साचते आणि तिथे तयार होणारे क्षार घर्षणानेही स्फोट पावू शकतात. त्या कामाला आतून पाण्याने धुता येणारा खास हुडच लागतो. साध्या हुडाचा वेग कितीही अचूक असला तरी या कामासाठी तो नापास आहे. म्हणून प्रमाणपत्रावर वेगाच्या आकड्याआधी एक ओळ हवी: हा हुड कशासाठी आहे आणि कशासाठी नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पुतळा आणि मागोवा घेणाऱ्या वायूची चाचणी महाग. ती करणारी माणसे मोठ्या शहरांतून यावी लागतात. शिवाय सल्फर हेक्साफ्लोराइड हा तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २३,५०० पट जोरकस वायू. तो वारंवार उधळणे योग्य नव्हे. पण यातून निघणारा निष्कर्ष तपासणी नको असा नाही, पायऱ्या करा असा आहे. ती मोठी चाचणी हुड बसवताना किंवा मोठा बदल केल्यावर. वेगाची मोजणी वर्षातून एकदा, आणि मोटर-पट्ट्याचे काम झाल्यावर लगेच; वायुवेगमापक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून जुळवून घेतलेला असावा, आणि तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक घेतला तर भार वाटला जातो. धुराची चाचणी दर तीन महिन्यांनी. रोजची तपासणी तर फुकट आहे: काचेच्या खालच्या काठाला टिश्यू कागदाची पट्टी लावायची आणि काम सुरू करण्याआधी ती आत झुकते का ते बघायचे. या पट्टीने वेग कळत नाही, ब्लोअर उलटा फिरतोय हेही कळत नाही. पण काल झुकत होती तितकी आज झुकत नाही, एवढे रोज बघणाऱ्या परिचराला नक्की कळते.

खिडक्या उघड्या आहेत, हवा खेळती आहे, मग एवढा खटाटोप कशाला, असेही म्हटले जाते. त्याचे उत्तर एका हिशेबात आहे. दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच खोली म्हणजे २८० घनमीटर हवा. तिच्यात फक्त १० मिलिलिटर क्लोरोफॉर्म, परीक्षानळीत मावेल इतका, सांडून उडाला तर सुमारे तीन लिटर वाफ होते आणि सगळ्या खोलीभर पसरली तरी प्रमाण दशलक्ष भागांत ११ च्या आसपास जाते. म्हणजे मर्यादा ओलांडली, आणि नाकाला पत्ता नाही. शिवाय ती आधी पसरत नाही. ओतणाऱ्याच्या तोंडाशी कितीतरी दाट असते. खिडकी विष पातळ करते, हुड ते पकडतो. पातळ करायला खोलीभर हवा लागते, पकडायला हातभर जागेतला शिस्तीचा वारा पुरतो.

३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातल्या वाघाडीच्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि किमान १३ जणांचा जीव गेला. त्या स्फोटाशी फ्यूम हुडाचा संबंध नाही. तो आठवण्याचे कारण वेगळे: स्फोट ऐकू येतो, चौकशी बसते, बातमी होते. फुप्फुसात आणि यकृतात वर्षानुवर्षे साठणारी इजा ऐकू येत नाही. कारखान्यात सुरक्षेचे कायदे आणि निरीक्षक तरी असतात. महाविद्यालयाची प्रयोगशाळा बहुधा कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे तिथे हुडाची काळजी कायद्याने नव्हे, प्राध्यापक आणि परिचर यांच्या जाणिवेवर चालते. सर्वांत जास्त तास हुडासमोर उभा राहणारा परिचर असतो. तास संपल्यावरही बाटल्या आवरायला, अ‍ॅसिड ओतून ठेवायला तोच असतो. आणि इथूनच शिकून बाहेर पडलेली मुले औषध कारखान्यांत जातात. काच खाली ओढण्याची, पट्टी बघण्याची, तारीख वाचण्याची सवय त्यांना बी.एस्सी.च्या वर्गात लागली नाही तर कारखान्यात कुणी लावणार नाही.

तेव्हा काचेवरच्या चिठ्ठीत तारीख आणि सही यांखेरीज आणखी काही लिहिलेले असावे: काच किती उंचीवर असताना मोजले, सर्वांत कमी वेग कुठल्या कोपऱ्यात आला, पंखे, कूलर आणि बाकीचे हुड चालू होते की बंद, कुठल्या कामाला हा हुड चालणार नाही, आणि पुढची तपासणी कधी. सराफ बाजारातली बांगडी एकदा ठसा उमटला की पिढ्यान्‌पिढ्या तोच कस सांगत राहते. त्या बांगडीचा कस लावताना विटकरी धूर ज्याच्या समोर उठला, त्या माणसाला मात्र रोज सकाळी कागदाची एक पट्टी आत झुकताना स्वतः बघावी लागेल. तेवढे त्याच्यासाठी आपण करायला हवे, आणि त्यालाही ते करू द्यायला हवे.